रंगोजीअण्णांची पोटदुखी

आम्ही पहिला रेडिओ घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी रंगोजीअण्णा आमच्या जयनगरच्या घरी आले. दारात चपला काढल्या, रेडिओसमोर खुर्ची ओढून बसले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, माझ्या पोटात दुखायला लागलंय हो."

वसुधा लगबगीनं आत गेली आणि ओवा नि कोमट पाणी घेऊन आली. अण्णांनी ओवा नीट चावून खाल्ला, वर पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "ओव्यानं जाणारं नव्हे हे. ह्या रेडिओनं आलंय. स्वल्प बसू द्या. दुखून झालं की जातो."

आणि खरोखरच बसले. रेडिओच्या तोंडावरचं कापड बोटानं चाचपलं. मागच्या बाजूला नाक लावून वास घेतला. स्टेशन लागताना काचेतला तो हिरव्या दिव्याचा डोळा मिटतो का उघडतो, ते बटण पाचसहादा फिरवून बघितलं. मग उठले, "डावं बटण सैल आहे, पुणेकर," असं मला सांगितलं आणि गेले. आठवड्याभरात पुन्हा आले. म्हटलं, "अजून दुखतंय?" तर म्हणाले, "काल कमी होतं. पाठीमागचा रंग बघायचा राहिला म्हणून परत उठलं."

आता दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात कुणाच्या दुखत नाही? मी पुण्याचा, आमच्याकडे तर हे दुखणं पिढीजात. पण आपण "वा, छान!" म्हणतो, पेढा खातो आणि घरी जाऊन दिवा मालवल्यावर कुढतो. अण्णा तोंडावर सांगत. त्यांनी दुखण्याच्या पायऱ्याही ठरवल्या होत्या. शेजाऱ्यानं नवी छत्री घेतली तर "स्वल्प दुखलं". कुणाकडे लोखंडी कपाट आलं तर "बरंच दुखलं". आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांकडे फ्रिज आला तेव्हा अण्णा तो उघडून, बर्फाच्या खणात बोट घालून आले आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "आयतु. आता दोन दिवस अन्न जाणार नाही."

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलं आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे त्यांची मराठी वेगळीच. होकार द्यायचा तर "सरी", काम संपलं तर "आयतु", आणि जगातलं उरलेलं सगळं "स्वल्प". राहायचे पेठेत, बोळातल्या बोळात. पण त्यांचं घर आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. विषय काढला की म्हणायचे, "आमच्याकडं कशाला येता? पोटात दुखण्यासारखं एक वस्तू नाही घरी."

आम्ही दोघं विमानतळाजवळच्या एका वैमानिक शाळेत शिकवत होतो. मी हवामान शिकवायचो: ढगांचे प्रकार, वाऱ्याच्या दिशा, दाबाचे नकाशे. अण्णा ट्रेनरवर होते.

ट्रेनर म्हणजे निळ्या रंगाची, लाकडाची आणि कापडाची एक विमानाची डबी. एक माणूस जेमतेम बसेल एवढी. दोन बुटके पंख, मागे शेपटी आणि पोटाखाली भाते. मोटार सुरू झाली की भाते फुगत, आकसत, आणि डबी डावीउजवीकडे कलंडे, नाक वर करी, गोल फिरे. जमीन मात्र सोडत नसे. विद्यार्थी आत बसला की वरून झाकण लावायचं. त्यानं काळोखात समोरच्या काट्यांकडे बघून विमान हाकायचं आणि बाहेर टेबलावर नकाशा पसरून बसलेल्या मास्तरानं त्याच्या कानात सूचना द्यायच्या. ढगात शिरल्यावर काही दिसेनासं झालं तर काय करायचं, त्याचा हा सराव.

बाकीचे मास्तर उंची आणि दिशा सांगून गप्प बसत. अण्णांचं तसं नव्हतं. "आता खाली नदी आली बघा. पाणी कमी आहे, वाळू दिसतीय. उजवीकडं उसाचं रान. बांधावरनं एक म्हातारी शेळ्या घेऊन चाललीय, तिच्या डोक्यावर पडू नका, पाप लागेल." पोरं घामाघूम होऊन बाहेर येत आणि शेळ्या होत्या म्हणून शपथेवर सांगत.

ह्या माणसाचं माझ्या पोटात किती दुखायचं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. जुने विद्यार्थी मोठमोठ्या विमानांचे कप्तान होऊन शाळेत येत. सोन्याच्या पट्ट्या, परदेशी चॉकलेटचे डबे. माझ्या वर्गावरून तरातरा चालत ते अण्णांच्या शेडमध्ये जात आणि पाया पडत. अण्णा तोंडावर म्हणत, "तू लंडनला जाऊन आलास काय? पोटात कळ आली बघ माझ्या," की ते हसून त्यांना मिठी मारत. त्यांतल्या एकानं एकदा व्हरांड्यात मला ओळखलं. मी खूश होऊन थांबलो. तो म्हणाला, "सर, आपण अकाउंट्समध्ये होता ना?"

एवढ्यांना उडायला शिकवलं, पण अण्णा स्वतः कधी विमानात बसले नव्हते. किती कप्तानांनी नेतो म्हणून सांगितलं. "एकट्यानं जाऊन काय करू?" असं म्हणून ते टाळायचे. भितात, असा आम्ही सोयीस्कर अर्थ काढला होता.

पुढे शाळेत नवी यंत्रं आली आणि होते ते दोन्ही जुने ट्रेनर निवृत्त झाले. प्रिन्सिपॉलसाहेब हौशी. त्यांनी ते ट्रेनर, एक मोडका पंखा आणि काही जुनी इंजिनं एका शेडमध्ये मांडली, बाहेर "म्युझियम" अशी पाटी लावली आणि अण्णांना तिथं बसवलं. शाळाशाळांच्या सहली येऊ लागल्या. अण्णा मुलांना शेळ्यांसकट सगळं दाखवत. त्या शेडची गर्दी बघून मी माझ्या वर्गाची दारं लावून घेत असे.

मग वरून हुकूम आला. शेड पाहिजे होती. म्युझियममधला माल विकून टाका.

त्या दिवशी अण्णांनी जेवणाचा डबा उघडला नाही. "कोण घेणार हे?" एवढंच चारचारदा विचारलं. मला, खरं सांगतो, आतून जरा बरं वाटलं. आता ह्यांच्याकडेही कुणी येणार नाही, असं वाटलं.

विक्रीच्या सकाळी आवारात माणसं जमली. पहिला ट्रेनर एका भंगारवाल्यानं घेतला आणि त्याच्या माणसांनी तिथंच हातोडे काढले. लाकूड फुटायचा आवाज आला तशी अण्णांनी पाठ केली. दुसऱ्यावर जत्रेत पाळणे लावणाऱ्या एका जाडजूड गृहस्थांचा डोळा होता. त्यांनी बोली लावली. वर कुणी गेलं नाही. ट्रेनर त्यांचा झाला.

अण्णा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "स्वामी, तुम्ही हे घेतलं त्याचं माझ्या पोटात असं दुखतंय की उभं राहवत नाही."

गृहस्थ आधी दचकले, मग पोट धरून हसले. "अहो, मला ती मोटार हवीय, पाळण्याला! डबी तर माझ्या गळ्यात पडलीय. तुम्हाला कशाला पाहिजे ती?"

अण्णांनी त्यांना बाजूला, झाडाखाली नेलं आणि खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. मी लांबून बघत होतो. गृहस्थांचं हसू थांबलं. त्यांनी खाली बघितलं आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. मग अण्णा सायकलच्या स्टँडकडे गेले, आपली सायकल घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिली.

ती सायकल! इंग्लिश बनावटीची, काळीभोर, चेनला झाकण असलेली, घंटा वाजली की गल्ली वळून बघायची अशी. ते निवृत्त झाल्यावर ती मागायची, असं मी मनात पक्कं केलं होतं. आणि हा माणूस ती बिनमोटारीच्या डबीसाठी देऊन मोकळा झाला. मला अण्णांचा रागच आला.

"पुणेकर," त्यांनी हाक मारली, "माझ्यासंगं येता काय? गाडी कलंडली तर पंख धरायला एक माणूस पाहिजे."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचं घर बघायची उत्सुकता रागाहून मोठी निघाली. गेलो.

बैलगाडीवर निळं विमान, एका बाजूला अण्णा चालतायत, दुसऱ्या बाजूला पंखाला हात लावून मी, अशी आमची मिरवणूक गावात शिरली. मागे बघे. एका चौकात पोलिसानं गाडी अडवली आणि कन्नडमध्ये विचारलं, "हे काय?"

"विमान," अण्णा म्हणाले.

"उडतं?"

"उडत असतं तर बैल कशाला लावले असते?"

पोलिसानं टोपी मागे सरकवून विचार केला. त्याला ते पटलं असावं. "मग रस्त्याच्या कडेनं न्या," म्हणाला.

बोळाच्या तोंडाशी पंख काढावे लागले. चार माणसांनी डबी उचलली, आडवी केली, तिरपी केली, आणि कुणाच्या तरी धुण्याच्या दोऱ्या सोडवत ती अण्णांच्या घरामागच्या छोट्या अंगणात नेऊन ठेवली. अंगणात विहीर, पपईचं झाड आणि लागूनच एक पडवी.

पडवीत वेताच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, पायांवर धाबळी, आणि नजर अशी की आपल्या खिशात काय आहे तेही कळावं.

"ह्या तुळसक्का," अण्णा म्हणाले. "आमचं घर."

"या पुणेकर," तुळसक्का म्हणाल्या. "रेडिओचं डावं बटण घट्ट करून घेतलं काय? आणि वसुधाबाईंच्या त्या जांभळ्या साडीचे काठ धुण्यात विटले नाहीत ना? हे म्हणाले, पक्का रंग आहे. माझा विश्वास बसला नाही."

मी बघतच राहिलो. "तुम्ही आमच्याकडे कधी आला होता?"

"मी कुठं येते?" त्यांनी धाबळीवर थाप मारली. "लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा ताप आला, तो पाय घेऊन गेला. तेव्हापासून ही खुर्ची. बाहेरचं जे काय आहे ते हे आणतात. कुणी नवीन काही घेतलं की मीच पाठवते, जाऊन नीट बघून या. अर्धवट बघून आले तर परत पाठवते. तुमच्या रेडिओला दोनदा यावं लागलं की नाही?"

"पण अण्णांच्या तर पोटात…"

"ह्यांच्या?" तुळसक्का खळखळून हसल्या. "ह्या माणसाच्या पोटात कुठलं दुखतंय! भोळा शंकर हा. दुखतं ते मला. दारोदार काय सांगतील, बायको घरी बसून जळतीय म्हणून? म्हणून माझं दुखणं आपल्या पोटावर घेऊन फिरतात. मग रात्री जेवताना दोघं मिळून तुम्हाला नावं ठेवतो. त्याशिवाय भात उतरत नाही."

अण्णा ट्रेनरला पंख लावण्यात गुंतले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि सगळ्यात जास्ती कशाचं दुखलं सांगू?" तुळसक्कांनी डबीकडे बोट केलं. "ह्या सवतीचं. परक्यांच्या पोरांना रोज हिच्यात बसवून कुठंकुठं फिरवून आणतात, आणि घरी मी खुर्चीत. एकदा भांडले. म्हटलं, तुम्ही खऱ्या विमानात बसून गेलात तर बघा, परत घरात घेणार नाही. हे म्हणाले, 'तुला सोडून जात नाही. शब्द.'"

पडवीतून एक मांजर गेलं, त्याच्याकडे बघत राहिलो.

पंख लागले. अण्णांनी हात पुसले, तुळसक्कांना खुर्चीतून उचललं आणि ट्रेनरमध्ये बसवलं. रोज उचलत असल्यासारखं, अगदी सहज. मग एक पाट ओढून पडवीत बसले, समोर नकाशा पसरला आणि त्यांना पहिल्यांदा आठवण झाली की डबीला मोटार नाही.

"पुणेकर," ते संकोचून म्हणाले, "तुम्ही हवामान शिकवता नव्हे? स्वल्प वारा व्हाल काय?"

मी कोट काढून पपईला अडकवला आणि पंखाला खांदा लावला.

"झाकण नको," तुळसक्का आतून ओरडल्या. "मला बघायचंय."

"सरी. दांडा मागे घे, हळू. पुणेकर, नाक वर."

मी नाक वर केलं. ते लाकूड भारी होतं, भाते नुसते कुरकुरत होते.

"सुटलो बघ जमिनीवरनं. आता खाली पेठ. आपली कौलं दिसतायत, दोन फुटलीत. त्या बाजूला मारुतीचं देऊळ. आता डावीकडं वळ. पुणेकर, डावा पंख खाली."

तुळसक्कांनी दांडा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. त्या समोर बघत होत्या. समोर विहिरीचा रहाट होता, पण तो त्यांना दिसत असेल असं मला वाटत नाही. अण्णांनी त्यांना गावाबाहेर काढलं, नाचणीच्या शेतांवरून नेलं. मध्ये ढग आले, तेव्हा मी आपण होऊन दोन धक्के दिले. "हे कसले ढग?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला ते स्वतःहून विचारत होतं. मी नाव सांगितलं, ते कसे बनतात तेही सांगितलं. "लक्षात ठेवते," त्या म्हणाल्या.

"आता तळं आलं," अण्णांचा आवाज खाली आला. "काठावर चिंचा. पलीकडं तुझ्या बाबांचं घर. उतरायचं काय?"

मी पंख धरून उभा होतो.

"नको," त्या म्हणाल्या. "एकदा वरनं फिरवा. आता तिथं कोण आहे? बाबा गेले, दादानं घर विकलं. फिरवा आणि चला."

अण्णांनी फिरवलं. मी सावकाश तळ्यावरून वळवलं आणि शक्य तितकं हलक्या हातानं अंगणात टेकवलं.

अण्णांनी त्यांना उतरवून खुर्चीत बसवलं. तुळसक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "तो नकाशा इकडं द्या. आता तुम्ही बसा."

"मी? अय्यो, मी काय…"

"बसा म्हणते ना."

अण्णा बसले. जन्मभर टेबलाशी बसलेला तो माणूस त्या डबीत अवघडून गेला होता. गुडघे कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. तुळसक्कांनी नकाशा घडी करून बाजूला ठेवून दिला. त्यांना तो लागलाच नाही.

"उठा वर. हं. आता उजवीकडं. खाली बाजार. फुलवालीनं नवी छत्री लावलीय, पट्टेरी. पुढं तलाव. त्यावरनं सरळ जयनगर. तिथं सगळी नवी घरं, एकसारखी. तिसऱ्या रस्त्यावर पिवळं फाटक, त्याची कडी वाकडी आहे. ते ह्यांचं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "गच्चीवर लोणच्याच्या बरण्या आहेत. जपून."

त्यांनी आख्खं गाव फिरवून आणलं. एक वळण चुकलं नाही. ज्या रस्त्यांवर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं, जे त्या खुर्चीत बसल्यावर उभे राहिले होते, त्या रस्त्यांवरूनही. मी पंख धरून इकडून तिकडे होत होतो, खांदा दुखत होता, आणि मध्येच डबीत नजर गेली तर अण्णांनी डोळे मिटले होते. ते रडत होते का? मला सांगता येणार नाही. मी नजर काढून घेतली.

कॉफी पिऊन निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णा बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आले, "खांद्याला तेल लावून घ्या," म्हणाले आणि परत फिरले. त्यांची चाल जरा वेगळी वाटली. सायकल नव्हती म्हणूनही असेल.

जयनगरपर्यंत मी चालत गेलो. माझ्याकडे रेडिओ होता, पिवळं फाटक होतं, दोन धडधाकट पाय असलेली बायको होती. आणि त्या अंगणातून निघताना मला जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटलेला नाही.

घरी पोचलो. वसुधा चुलीवर भाजी परतत होती. वर न बघता तिनं विचारलं, "उशीर झाला. कुठं गेला होतात?"

एरवी मी "कामात होतो" म्हणून पेपर उघडला असता. त्या दिवशी पाय धुतले, स्वयंपाकघरात पाट घेतला आणि म्हटलं, "ऐक. विहिरीशेजारी एक पपईचं झाड आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कढई उतरवली आणि समोर येऊन बसली.